जिवंत गोंदण

कराडात आमच्या पेठेत कुणाकडे पाळणा हलला की पेढ्यांच्या आधी आईला फोन जायचा. "माला मावशी, उद्यापासून येणार ना?" माझी आई, विजयमाला थोरवडे, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायची. हे काम तिनं तिच्या सासूकडून उचललं आणि सासूच्याही पुढं नेलं. बाळांना आंघोळ घालणारी यंत्रं बाजारात येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. टबात बाळ ठेवायचं, मऊ रबरी बोटं फिरतात, पाणी किती गरम ते पडद्यावर दिसतं. लोक ते यंत्र हौसेनं आणायचे, बाळ त्यात किंचाळून घर डोक्यावर घ्यायचं आणि आठवड्याच्या आत यंत्रात कांदे-बटाटे नि बाळ माझ्या आईच्या हातात अशी वाटणी व्हायची.

आईच्या हातातलं बाळ रडत नाही असं नव्हे. रडायचं, पण तक्रार नसल्यासारखं. तेल जिरलं, ऊन पाणी पडलं, ओव्याची धुरी मिळाली की ते असं झोपायचं, की बाळंतीण दोनदा येऊन त्याचा श्वास बघून जायची. आईला या कामाचा गर्व होता आणि तो तिला शोभायचा.

पन्नाशी ओलांडली आणि तिची पाळी थांबली. "सुटले गं बाई एकदाची," असं तिनं मला पुण्याला फोन करून सांगितलं. सुटली कसली? महिन्याभरात उकाडे सुरू झाले. छातीतून एक आगीचा लोट उठायचा, मानेवरून चेहऱ्यावर पसरायचा आणि ती घामानं निथळायची. त्यात काम न्हाणीतलं. वाफ, शेगडी, धुरी. घाम बाळंतिणीला यायला हवा आणि पदरानं तोंड पुसतेय मावशी, हे बघून बायका हसायच्या. आईही हसायची. मग झोप गेली. मग बोटं गेली. सकाळी उठल्यावर मूठ वळेना, सांधे सुजलेले. एका घरी तेल लावताना बाळ तिच्या हातांतून निसटून तिच्याच मांडीवर पडलं. बाळाला काही झालं नाही, त्याला कळलंही नसेल. पण आई घरी आली, तेलाची वाटी धुऊन तिनं माळ्यावर ठेवून दिली आणि मला फोनवर म्हणाली, "माझी बोटं माझी राह्यली न्हाईत गं, प्रांजल."

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे कारण मला ठाऊक होतं. बाईच्या अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन हे फक्त पाळीपुरतं नसतं. ते हाडांत काम करतं, सांध्यांत करतं, मेंदूत करतं. मेंदूच्या तळाशी अंगाचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं, त्यातल्या काही पेशींना हे इस्ट्रोजेन शांत ठेवतं. ते आटलं की या पेशी बिथरतात, अंग जरासं तापलं तरी आग लागल्याची हाकाटी करतात आणि शरीर घाम गाळून ती नसलेली आग विझवत बसतं. हे सगळं मी आईला फोनवर नीट समजावून सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "बरं झालं कळलं. आता औषध सांग."

औषधाचंच तर अवघड होतं. माझ्या वेळच्या बाळंतपणात आईच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. हॉर्मोनची गोळी पोटातून यकृतात जाते आणि अशा बाईमध्ये पुन्हा गाठ व्हायचा धोका वाढवते, म्हणून गोळी बाद. त्वचेतून हॉर्मोन दिलं तर तो धोका नसतो, पण चिकटपट्टीनं आईच्या अंगावर फोड उठले. जेलचं नाव काढल्यावर आमच्या डॉक्टर शहनाज मुजावरांनी स्वतःच मान हलवली. जेल हाताला लागतं, हात बाळाला लागतो.

"एक नवीन आहे," त्या म्हणाल्या. "पुण्याच्या संशोधन केंद्रात चाचणी चालू आहे. गोंदण करतात."

"गोंदण?" आई म्हणाली. "माझ्या आज्जीच्या कपाळावर व्हतं."

हे गोंदण जिवंत होतं. आपल्या त्वचेवर एरवीही निरुपद्रवी जंतू नांदत असतात. त्यातल्याच एका जातीला शास्त्रज्ञांनी इस्ट्रोजेन बनवायला शिकवलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक सुयांनी त्या जंतूंचं खाद्य कातडीत भरायचं आणि वर जंतू सोडायचे. ते घामातून शरीराचा अंदाज घेत. हॉर्मोन कमी पडलं की बनवत, पुरेसं झालं की थांबत, पाण्याची टाकी भरल्यावर चेंडू वर येऊन नळ बंद होतो तसं. गर्भाशयाच्या अस्तराला जपण्यासाठी दुसरं हॉर्मोन लागतं, त्यासाठी तांबीसारखी एक छोटी वस्तू आत बसवत. आणि खाद्य फक्त त्या गोंदणात असल्यामुळे जंतू दुसऱ्याच्या अंगावर गेले तरी उपाशी मरणार. हे त्यांनी घामानं, पाण्यानं, साबणानं, टॉवेलानं तपासून बघितलं होतं.

पुण्याच्या केंद्रात आईला विचारलं गेलं, "घरात लहान मूल आहे का?"

"न्हाई," आई म्हणाली. आणि ते खरंच होतं. घरात वडील गेल्यापासून ती एकटीच होती. मी शेजारी बसले होते, मलाही त्या प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. ती कराडातल्या निम्म्या बाळांना रोज हात लावते हे तिच्या लेखी काम होतं, घर नव्हतं. आणि तेव्हा तर ते कामही माळ्यावर होतं.

दोन्ही हातांवर हिरवट ठिपक्यांची वेल घेऊन आई कराडला परतली. आधी उकाडे गेले, मग झोप आली, आणि एका सकाळी तिनं मला व्हिडिओ कॉल करून कॅमेऱ्यासमोर मूठ वळून दाखवली. उघडली, परत वळली. "बघ की," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. त्याच आठवड्यात वाटी माळ्यावरून खाली आली.

त्यानंतर मला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे ओटीभरण उरकून मी कराडला आले. आईला बघून मलाच दृष्ट काढावीशी वाटली. आईचे गाल वर आले होते, चालणं झरझर. सकाळी तेलाची पिशवी काखोटीला मारून निघायची ती दुपारी परतायची आणि वर माझ्यासाठी थालीपीठं थापायची.

पण थोड्याच दिवसांत तिचं तोंड उतरायला लागलं. खोदून विचारल्यावर कळलं, की ती जिथं जात होती त्या बाळंतिणींना दूध पुरेनासं झालं होतं. एकीचं झालं तेव्हा नजर लागली म्हणाले, दुसरीचं झालं तेव्हा अळिवाची खीर वाढवली, शतावरी दिली. तिसऱ्या घरच्या आजीबाई मात्र आईच्या तोंडावर म्हणाल्या, "मावशी, तुमचा हात लागला की आटतंय बघा." आई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

दोन दिवसांनी डॉक्टर मुजावर स्वतः आमच्या घरी आल्या. त्यांच्याकडे काही बाळं आली होती, छातीच्या गाठी सुजलेली. आईच्या पोटातून आलेल्या हॉर्मोनमुळे नवजात बाळांची छाती थोडी सुजतेच आणि आपोआप उतरते. या बाळांची उतरत नव्हती, उलट वाढत होती. सगळ्यांच्या घरी न्हाऊ घालणारी बाई एकच.

"मावशी, तुम्ही पुन्हा काम सुरू केलंत हे मला सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "आणि मीही विचारायला हवं होतं."

त्या बाळांच्या अंगावरचे नमुने त्यांनी केंद्राकडे पाठवले होते, त्या तपासणीचे निकाल त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. कोमट तिळाच्या तेलात गोंदणातलं खाद्य विरघळत होतं. तासभर चोळताना जंतू बाळाच्या नि बाळंतिणीच्या अंगावर जात, आणि जाताना आपला डबा बरोबर घेऊन जात. दोन-चार दिवस तिथं जगत, तेवढ्यात दुसऱ्या दिवशी आई पुन्हा तेल लावायला हजर. इस्ट्रोजेन वाढलं की दूध कमी होतं, हे तर कुठल्याही पुस्तकात आहे. केंद्रातल्या लोकांनी सगळं तपासलं होतं, फक्त तेल-न्हाणं कुणाला सुचलं नव्हतं.

"म्हंजे मी लोकांच्या लेकरांना इख चोळलं?" आई म्हणाली.

"विष नाही. काम थांबवलं की दोन-तीन आठवड्यांत सगळं पूर्ववत होईल. कुणालाही कायमचा त्रास नाही."

आईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती उठली, चपला घातल्या आणि प्रत्येक घरी स्वतः सांगायला गेली. डॉक्टर फोन करणार होत्या, पण ती थांबली नाही. मी पोट सावरत तिच्यामागून रिक्षानं फिरले. एका घरी दार तोंडावर आपटलं. दुसऱ्या घरची सून बाळाला खांद्यावर घेऊन दारातच उभी राहिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, आत या, पाणी प्या आधी." तिथं आईचा बांध फुटला.

दूध आलं, सूज उतरली, केंद्रानं सगळ्या चाचण्या थांबवून नियम बदलले. आईचं काम मात्र संपलं. आणि माझी तारीख जवळ येत होती.

"हातमोजे घालते," आई म्हणाली. कोपरापर्यंतचे हातमोजे आणले. बाळ अजून पोटात होतं, म्हणून तिनं एका दुधी भोपळ्याला तेल लावून सराव केला. पाठीवर थापटलं, कुशीवर वळवलं, पालथा घालताना भोपळा सटकून न्हाणीच्या दगडावर फुटला. आईनं ते तुकडे एकेक करून गोळा केले. "हाताला काय लागतंय तेच कळत न्हाई," ती म्हणाली. "आंधळ्यागत." त्या दिवशी दुधीची भाजी झाली आणि कुणाला गेली नाही.

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईचं सारं अंग तपासलं. काम थांबल्यापासून बाकी कुठंच जंतू नव्हते, फक्त कोपरापासून बोटांपर्यंत. "बाळाला दुपट्यातून घ्या, पापे घ्या, मांडीवर झोपवा. फक्त तेलापाण्यात तुमचे हात नकोत," त्या म्हणाल्या.

"मग काढून टाका हे," आईनं दोन्ही हात त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले.

"काढता येईल. पण मावशी, एकदा काढलं की शरीर त्याला ओळखून ठेवतं. दुसऱ्यांदा धरत नाही. आणि तुमच्यासाठी माझ्याकडे आज दुसरं काही नाही."

"म्हंजे बोटं परत पहिल्यासारखी?"

"हो. कदाचित जास्त."

"चालंल," आई म्हणाली. "सोमवारी करू."

घरी आल्यावर मी तिच्याशी भांडले. ती ओसरीवर पावटे सोलत बसली होती. शेंग फुटायची, दाणे टपटप ताटलीत पडायचे, बोटं एकदाही अडखळत नव्हती. ज्या बोटांना मुकायचं तिनं ठरवलं होतं ती बोटं माझ्या डोळ्यांसमोर इतकी सुरेख चालत होती, की माझा संताप अनावर झाला.

"आई, बाळाला आंघोळ कुणीही घालेल. ते यंत्र घालेल. तू रात्रभर तळमळणार, कपाची दांडी धरता येणार नाही, आणि हे माझ्या बाळाच्या नावावर? मला नको असलं न्हाणं."

"तू गप गं. आईला शिकवू नगंस."

"लोक काय म्हणतील म्हणून करतेयस ना? लेकीचं बाळ परक्या हातांनी न्हालं म्हणून?"

तिनं ताटली बाजूला ठेवली. "लोक गेले खड्ड्यात," ती म्हणाली. "तू झालीस तवा मी एकोणीस वर्षांची. पायात गाठ झालेली, उठता यीना. तुझ्या आज्जीनं तुला न्हाऊ घातलं. बरी झाले तरी मला हात लावू देईना. पोर हातातनं पाडशील म्हणायची. मी दारात उभी राहून बघायची. पुढं गावातली समदी पोरं ह्या हातांनी न्हाली, प्रांजल. माझी एकुलती एक तेवढी न्हाई न्हाली. आता तुझं तरी न्हाऊ दे की मला."

मला हे कधीच ठाऊक नव्हतं. मी तिच्याजवळ सरकून बसले आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिनं सवयीनं माझ्या केसांवरून हात फिरवायला उचलला आणि मध्येच मागं घेतला. कोरडा हात चालतो हे डॉक्टरांनी दहा वेळा सांगूनही ती मला हात लावत नव्हती. सोमवार ठरला.

सोमवारपर्यंत थांबायला माझ्या लेकीला मात्र सवड नव्हती. ती शनिवारीच आली, सगळ्यांच्या अंदाजाआधी, भरपूर जावळ आणि त्याहून भरपूर आवाज घेऊन. दवाखान्याच्या धावपळीत आईची तारीख पुढच्या सोमवारवर गेली. आईनं पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून, दुपट्यात गुंडाळून तिला घेतलं आणि "आली गं माझी बाय" म्हणत खिडकीपाशी उभी राहिली. बराच वेळ तिनं ती कुणाला दिली नाही.

नाळ पडली आणि तेल-न्हाण्याचा दिवस आला. आई म्हणाली, थांबू, गोंदण निघू दे, हात धुऊन निघू देत, मग मीच घालीन. डॉक्टर म्हणाल्या, त्याला दीड-दोन महिने लागतील. तेव्हा माझा नवरा सोहम म्हणाला, "तोवर मी घालतो." सोहम पुण्यात संगणकासमोर बसून काम करतो, लेकीसाठी रजा काढून आला होता. आईनं आधी कानावर हात ठेवले. पुरुष माणूस न्हाणीत? तेही जावई? पण मी ओली बाळंतीण, दुसरं कुणी नव्हतं, आणि यंत्राचं नाव काढायची माझी छाती नव्हती.

आई दारात उभी राहिली. जावयाशी थेट बोलायचं तिला जड जायचं, म्हणून सूचना माझ्यामार्फत. "त्यांना सांग, पाटावर बसा म्हणावं. पाय लांब करा. आता नडग्यांवर बाळाला घ्या, डोकं पावलांकडं."

सोहम बसला, पण त्याचे गुडघे काही जमिनीला टेकेनात. मधे दरी झाली, त्या दरीत लेक घरंगळली आणि तिनं टाहो फोडला.

"सरळ करा म्हणावं पाय!"

"आई, हे यापेक्षा सरळ होत नाहीत," सोहम घामाघूम होऊन म्हणाला.

तेलानं बुळबुळीत झालेली पोर त्याच्या हातात वळवळत होती. आई एकदम पुढं झाली, वाकली, दोन्ही हात बाळाच्या अंगापर्यंत नेले, आणि थांबली. इतके जवळ होते हात, की मी ओरडणारच होते. तिनं ते झटक्यानं मागं घेतले आणि काखेत दाबून धरले. तिचा चेहरा मला बघवेना.

मग ती म्हणाली, "सरका जरा, सोहमराव."

सोहम सरकला. जी बाई जावई घरात असला की डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, भिंतीला पाठ लावून पाय सरळ पसरले आणि दोन्ही हात मानेमागं नेऊन बोटांत बोटं घट्ट अडकवली.

"ठेवा हिला माझ्या पायांवर," ती म्हणाली. "पायाला काय न्हाई, डॉक्टरीणबाईंनी तपासलंय. तुम्ही समोर बसा. हात तुमचे."

सोहमनं लेकीला तिच्या नडग्यांवर ठेवलं. आईनं पावलं किंचित जवळ घेतली, टाचा जराशा उचलल्या, आणि त्या उतारावर पोर अशी बसली, की रडणं मधेच थांबवून इकडंतिकडं बघायला लागली.

"आता तेल. छातीवरनं बाहीर, दोन्हीकडं. दाबू नगा, नुसतं न्या. आता पाय. वरनं खाली... हं. आता पालथी घाला, मी धरते पायानं." तिनं घोटे जुळवले, पोर पालथी झाली, सोहमचा मोठा हात तिच्या पाठीवरून हळू खाली आला.

आई बोलायची थांबली. मी बघितलं तर तिच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि हात मानेमागं असल्यामुळे तिला ती पुसता येत नव्हती. मी माझ्या पदरानं पुसली.

"हिचा मणका न मणका कळतोय गं मला," ती म्हणाली. "नडग्यांना कळतोय समदा."

पाणी घालून झालं, धुरी झाली, लेक दुपट्यात गुंडाळून झोपलीसुद्धा. सोहम विजयी वीरासारखा उभा होता, पार भिजलेला. आई भिंतीला टेकून तशीच बसली होती. मानेमागचे हात तिनं सोडवले, पुढं घेतले, त्यांच्याकडे बघितलं आणि एकदा मूठ वळून उघडली.

"प्रांजल, त्या डॉक्टरीणबाईंना कळीव," ती म्हणाली. "सोमवारी येत न्हाई म्हणावं."

"नक्की?"

"व्हय, नक्की." तिनं लुगडं खाली सारलं, उठली आणि या खेपेला मला मध्ये न घालता म्हणाली, "सोहमराव, नखं तेवढी कापा. उद्या परत न्हाणं हाय."